ज्याला लागेल त्यानंच बोलायचं

दादा बोलायला उभा राहिला तेव्हाच ताईनं ओळखलं, की आजचा चहा थंड होणार.

रविवारची सकाळ होती आणि तलवारबाजीचा हॉल विद्यार्थ्यांना बंद होता. भिंतीकडेच्या लांब बाकावर घरची मंडळी बसली होती. एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला दादाची बायको, म्हणजे वहिनी, आणि मधे धाकटा भाऊ. मास्तर, म्हणजे या तिघा भावंडांचे बाबा, पट्टीच्या, म्हणजे लढायच्या लांबट अरुंद जागेच्या, टोकाशी खुर्ची टाकून बसले होते. पांढरं जाकीट गळ्यापर्यंत बंद, मांडीवर तलवार. वय चौऱ्याहत्तर, पण खुर्चीला पाठ टेकवणं हा त्यांना अजून पराभव वाटायचा. ताई जाकिटाचे पट्टे आवळत उभी होती. आणि दादा कडक इस्त्रीच्या शर्टात, बाहेरच्या बुटांतच, पट्टीच्या मधोमध. त्या पट्टीवर बाहेरचे बूट घालून कोणी पाऊल टाकायचं नाही, हे सातव्या वर्षी येणाऱ्या पोरालाही पहिल्या दिवशी सांगितलं जायचं.

"सामुराई," दादा म्हणाला, आणि थांबला.

त्या शब्दानंतर थांबायचं असतं. त्याचा धंदाच तो होता. कंपन्यांच्या विक्रेत्यांना मोठ्या हॉटेलात गोळा करायचं आणि 'योद्ध्यांची नीती' सांगायची. साबण विकणाऱ्याला सामुराईची निष्ठा, विमा विकणाऱ्याला स्पार्टाचा निर्धार, आणि ज्यांचं काहीच विकलं जात नाही त्यांना पराभवातलं सौंदर्य. स्वतः दादानं तलवार खाली ठेवली ती पंधराव्या वर्षी, मनगट दुखतं म्हणून. तेव्हापासून ते मनगट दुखतंच आहे. फक्त माईक धरताना दुखत नाही.

"सामुराई मालकाच्या शब्दाखातर स्वतःचं पोट फाडून घ्यायचा," दादा म्हणाला.

"मग मालकाला नवा माणूस शोधावा लागत असेल," आई म्हणाली.

"आई, प्लीज. स्पार्टाच्या आया मुलाला ढाल देताना काय म्हणायच्या? ढाल घेऊन ये, नाहीतर ढालीवरून ये."

"मी तुला डबा घेऊन ये म्हणायचे. तोही शाळेत विसरून यायचास."

धाकट्याला हसू आलं, पण वहिनीनं त्याच्याकडे बघितलं आणि त्यानं ते गिळलं. ताईच्या नजरेतून हे सुटलं नाही. गेल्या रविवारपर्यंत धाकटा तिच्या बाजूचा होता. हॉल तिलाच मिळायला हवा, असं त्यानं तिच्यासमोर दोनदा आणि आईसमोर एकदा बोलून दाखवलं होतं. मग वहिनीनं त्याला जेवायला बोलावलं आणि हॉलच्या दर्शनी खोलीत दातांचा दवाखाना किती छान दिसेल, हे कागदावर काढून दाखवलं. धाकटा दातांचा डॉक्टर. 'अजिबात दुखणार नाही' असं सांगून काम उरकायची त्याला सवय. आज हॉलमध्ये शिरल्या शिरल्या तो ताईला हळूच म्हणाला होता, "तू मनाला लावून घेऊ नकोस गं. जे होईल ते सगळ्यांच्या भल्याचंच होईल." त्यावरूनच ताई समजून चुकली, की आपलं माणूस गेलं.

"मुद्द्यावर ये," मास्तर म्हणाले.

मुद्दा असा होता. हा हॉल काढला मास्तरांच्या काकांनी. काका-मास्तरांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे नियम करताना त्यांना आडवं येणारं कोणी नव्हतं. पहिला नियम, हॉलमध्ये पंच नाही, वार लागल्यावर पेटणाऱ्या दिव्यांचं यंत्र नाही. डोक्यापासून पावलापर्यंत कुठेही टोक टेकलं तरी वार धरायचा, पण ज्याला लागेल त्यानंच 'लागलं' म्हणायचं. दुसरा नियम, दुसऱ्याच्या अंगावरचा वार जो मोजेल तो जागच्या जागी बाद, कारण 'तुला लागलं' म्हणणं म्हणजे 'तू खोटा आहेस' म्हणणं. तिसरा नियम वारसाचा. मास्तर निवृत्त व्हायचे तेव्हा थोरल्यानं त्यांना पट्टीवर बोलवावं. थोरल्यानं आदरपूर्वक नकार दिला तर दुसऱ्या कोणीही बोलवावं. बोलावणाऱ्याच्या आधी मास्तरांना पाच वार लागले तर हॉल बोलावणाऱ्याचा. नाही लागले तर हॉल थोरल्याचा.

म्हणजे लढेल त्यानं पाच वार मिळवायचे, आणि लढणार नाही त्याला हॉल फुकट. असला नियम करायला माणूस शूरच असावा लागतो, अकलेचं बंधन असलं तर जमत नाही.

"मी बाबांवर शस्त्र उचलणार नाही," दादा म्हणाला. त्याचा आवाज किंचित भरून आला होता. तोही पैसे भरून शिकलेला. "मी आदरपूर्वक नकार देतो."

वहिनीच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला घरातही टाळ्या मिळतात त्या अशा.

हॉल मिळाल्यावर दादा तिथे 'योद्धा अनुभव केंद्र' काढणार होता. चिलखत घालून फोटो, अर्ध्या दिवसात शौर्य, वर कॉफी. ताईची सोयही त्यानं केली होती. तिला तो रिसेप्शनला बसवणार होता. ताई या हॉलमध्ये वीसेक वर्षं शिकवत होती. सकाळची बॅच तिची, संध्याकाळची तिची, दुपारी पाती घासायची आणि मास्कच्या जाळ्या तपासायच्या त्याही तिनंच. एक चांगली नोकरी आणि एक बरा माणूस, दोघांनाही तिनं संध्याकाळच्या बॅचमुळे नाही म्हटलं होतं. नोकरीचं तिला कधी वाईट वाटलं नाही.

"मी बोलावते," ती म्हणाली.

मास्तर उठले. खुश होते, ते चेहऱ्यावर दिसतच होतं. "दादा, तुझ्या त्या यादीत काठीवाले कधीच नसतात," ते हातमोजा चढवत म्हणाले. "अमेरिकेतल्या मोठ्या माळरानावरचे तिथले मूळचे घोडेस्वार. मारणं सोपं आहे म्हणायचे. जिवंत, हत्यार घेतलेल्या शत्रूजवळ जायचं, नुसती काठी टेकवायची आणि परत यायचं, याला ते शौर्य म्हणायचे. आपली तलवार म्हणजे तीच काठी."

"पण त्यात एंडिंग नाही, बाबा," दादा म्हणाला. "लोकांना मरण लागतं."

मास्क चढले. हॉलमध्ये फक्त पावलांचा आवाज राहिला.

ताईचं हत्यार म्हणजे मनगट आणि पाऊल. समोरच्याच्या हातावर नेमकं टोक टेकवायचं आणि त्याला कळायच्या आत मागे यायचं. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. "छातीवर धावतात ते उतावळे. हात मिळाला की माणूस मिळाला," असं ते म्हणायचे. तिनं पहिल्याच झेपेत त्यांच्या मनगटावर टोक टेकवलं. स्वच्छ वार. हाताला समजलं तिच्या.

मास्तर काही बोलले नाहीत.

ती थांबली. ते थांबले नाहीत. त्यांचं टोक तिच्या खांद्यावर आलं.

"लागलं," ताई म्हणाली.

हातमोजा जाड आहे, नसेल कळलं. तिनं पावलावर जायचं ठरवलं. खाली वाकून बुटाच्या मधोमध टोक ठेवलं, आणि वर यायच्या आत त्यांनी तिच्या पाठीवर वार ठेवला.

"लागलं," ताई म्हणाली. आणि वाट बघितली. मास्तर शांतपणे आपल्या जागी परत गेले आणि उभे राहिले.

आता तिच्या डोक्यात जाळ झाला. आयुष्यभर या माणसानं पोरांना उन्हात उभं केलं, एक वार लपवला म्हणून. स्वतःच्या पोरीला भर स्पर्धेत उभं राहून 'मला लागलंय, यंत्र चुकतंय' असं बोलायला लावलं आणि पदक घालवलं. आणि आज हॉल जायची वेळ आली तर लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घराणंच तसलं, दादा निदान त्याचं बिल तरी देतो. रागात तिनं झेप घेतली, उघडी पडली, आणि तिसरा वार खाल्ला.

"लागलं." तीन-शून्य.

बाकावर हालचाल झाली. धाकटा वहिनीच्या कानाशी लागला. कुजबुजणं त्याला कधीच जमलं नाही. पेशंटच्या तोंडात यंत्र घरघरत असताना बोलायची सवय.

"बाबा सरळ सरळ लपवतायत वार. मनगटाचा मी इथून बघितला."

"मग बघू नका, भाऊजी," वहिनी म्हणाली. "आपलंच काम होतंय ना?"

दादानंही बघितलं होतं. तो आता बाकावर छताकडे पाहत सामुराईसारखा स्थिर बसला होता.

चौथ्या वेळी ताईला काही सुचत नव्हतं. तिनं कसाबसा हात पुढे नेला, टोक मास्तरांच्या खांद्यापाशी जेमतेम घासलं की नाही, हे तिचं तिलाही कळलं नाही.

"लागलं," मास्तर म्हणाले. लगेच, मोठ्यानं.

ताई चक्रावली. हा वार कोणालाही दिसला नव्हता. लबाडी करणारा माणूस असले वार देत नसतो. तिनं मुद्दाम छातीवर एक प्रयत्न केला, नशिबानं बसला, आणि पुन्हा पातं वाकायच्या आधी ते म्हणाले, "लागलं." तीन-दोन. मग तिनं मनगटावर वार केला, जाणूनबुजून जोरात, पातं वाकेपर्यंत. ते वाकलेलं पातं हातावर असतानाच मास्तर शांतपणे पुढे सरकले आणि त्यांनी तिच्या दंडावर वार ठेवला.

"लागलं," ती म्हणाली. चार-दोन. "पाणी पिऊन येते."

आई मागोमाग कपडे बदलायच्या खोलीत आली. हातात पाण्याची बाटली होती, आणि दार तिनं लावून घेतलं.

"आई, बाबांच्या हाताला..."

"काल यांच्या बुटातून स्क्रू निघाला," आई म्हणाली. "हा एवढा. दिवसभर त्यावर चालले. मोजा रक्तानं चिकटला होता, तेव्हा मला कळलं. त्यांना नाही."

ताई बाकड्यावर बसली.

"साखर," आई म्हणाली. "आधी पायांची जाणीव गेली, आता हातांची. चहाच्या कपानं बोटं भाजली तर फोड आल्यावर विचारतात, हे काय झालं म्हणून. रोज झोपताना तेल लावायचं निमित्त करून तळपाय बघते मी. त्यांना वाटतं म्हातारपणी बायकोला प्रेम आलंय."

"त्यांना सांगितलं का नाहीस?"

"एका डॉक्टरनं सांगितलं होतं. डॉक्टर बदलला." आईनं झाकण उघडून बाटली तिच्या हातात दिली. "ऐक माझं. गप्प राहा. छातीवर मिळाले तीन तर घे, नाही मिळाले तर नाही. दादाकडे कर नोकरी. पण हे त्यांना आज इथे, सगळ्यांसमोर कळायला नको. या माणसानं जन्मभर एकच गोष्ट केली. लागलं की लागलं म्हटलं. तेवढंही गेलं तर उद्या ते उठणार नाहीत, ताई."

"आणि माझं काय?"

आईनं ताईच्या कपाळावरचे घामानं चिकटलेले केस बाजूला केले.

बाहेरून धाकट्याचा आवाज आला. "आहे काय आणि नाही काय? म्हातारपणी सगळेच थोडं इकडचं तिकडे करतात." आणि वहिनीचं हसू. आणि मग दादाचा समजूतदार आवाज, "आपण मोठं मन ठेवू. कुठे बोलायचं नाही हे."

मोठं मन. म्हणजे बाबा लबाड, हे ठरलं, आणि ते सगळ्यांनी मिळून उदारपणे पोटात घालायचं. पुढे जन्मभर हे तिघं जेवताना एकमेकांकडे बघून हसणार, आणि बाबा ताठ बसून त्यांना काठीवाल्यांची गोष्ट सांगणार. ताईला ते चित्र अगदी स्वच्छ दिसलं. हॉल गेला असता तर ती रडली असती, भांडली असती, रिसेप्शनला बसून लोकांना उद्धटपणे उत्तरं दिली असती. पण हे तिला सोसणार नव्हतं.

ती पट्टीवर परत आली. मास्क काखेतच होता.

"बाबा," ती म्हणाली, "मघाशी तुमच्या मनगटाला लागलं. दोनदा. आणि पावलाला एकदा."

दादा उठून पट्टीवर आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई. काय केलंस हे. नियम तुला माहीत होता." इतकं मनापासून दुःख झालेला माणूस हॉटेलातल्या सभागृहातही बघायला मिळत नाही. "तू बाद झालीस गं."

मास्तरांनी मास्क काढला. चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे मी खोटा."

"नाही. तुम्हाला कळलं नाही."

"म्हणजे खोटा किंवा ठार वेडा. निवड माझी."

"बाबा, हाताला..."

"थांब." त्यांनी हातमोजा ओढून काढला आणि खुर्चीवर फेकला. उघडा हात पुढे केला, तळवा खाली, बोटं ताठ. "इथे. सगळ्यांसमोर. मी डोळे मिटतो. तू टोक टेकव. लागेल तेव्हा सांगेन मी. जन्मभर सांगत आलो, आता काय बोबडी वळली आहे?"

"बसा बघू खाली," आई म्हणाली.

"मार, ताई."

त्यांनी डोळे मिटले. ताईनं पाऊल पुढे टाकलं आणि टोक त्यांच्या हाताच्या पाठीवर ठेवलं. मग दाबलं. बोथट टोकाभोवतीची कातडी पांढरी झाली. पातं मधोमध वाकलं.

मास्तर उभे होते. हात ताठ. हनुवटी वर.

बाकावर वहिनीचं हसू कधीच थांबलं होतं. धाकटा उभा राहिला होता, त्याला बसायचं सुचत नव्हतं. डॉक्टर होता, त्याला काय बघतोय ते समजलं. घरी दर रविवारी येत होता, आणि कोणाचे दात किडलेत एवढंच बघत होता.

"मार ना," मास्तर म्हणाले. "घाबरलीस का?"

शेवटी आईच म्हणाली, "अहो. डोळे उघडा."

त्यांनी डोळे उघडले. खाली बघितलं. वाकलेल्या पात्याकडे, हाताकडे, मग पुन्हा पात्याकडे. ताईनं तलवार मागे घेतली तेव्हा हातावर लाल ठिपका राहिला होता. ते त्या ठिपक्याकडे बघत राहिले. त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटानं तो दाबून बघितला, पण ते बोटही त्याच घरचं होतं.

"कधीपासून?" त्यांनी आईला विचारलं.

"झालं वर्ष. जास्तच."

"म्हणजे वर्षभर या हॉलमध्ये पोरं मला..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. पोरं काही बोलली नव्हती. दुसऱ्याच्या अंगावरचा वार मोजायचा नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं. फार चांगलं शिकवलं होतं.

दादानं घसा साफ केला. "बाबा, आपण सगळे तुमच्याबरोबर आहोत. पण तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर, ताई बोलली ते बोललीच. म्हणजे हॉलचा प्रश्न..."

"दादा," मास्तर म्हणाले, "सामुराई म्हातारा झाला आणि त्याच्या हातातलं भान गेलं, तर काय करायचा?"

"म्हणजे?"

"तुझ्या पुस्तकांत असेल ना. किंवा स्पार्टावाला. त्या समुद्रावरच्या लुटारूंचं काय? अंथरुणात मरायला लाजायचे ते."

दादानं तोंड उघडलं. कधी नव्हे ते त्यातून काही निघालं नाही. "ते बहुतेक," तो शेवटी म्हणाला, "तोपर्यंत लढाईतच..."

"मरायचे. बरोबर. सगळ्यांनी नियम केले ते तिशीतल्या माणसांसाठी. मी मेलो नाही, माझं काय करायचं ते कोणीच लिहून ठेवलेलं नाही." त्यांनी हातमोजा उचलला. एकेक बोट डोळ्यांनी बघत आत घातलं, लहान मूल मोजा घालतं तसं. "काका-मास्तरही पन्नाशीत गेले. त्यांना काय कळणार होतं? चार-दोन. खेळ चालू आहे. छाती, पोट, खांदे मी सांगेन. मनगट आणि पाऊल ही सांगेल."

"ती?" दादा म्हणाला. "बाबा, ती प्रतिस्पर्धी आहे. तिलाच हॉल हवाय. ती काहीही म्हणेल."

"मघापासून चार वेळा स्वतःच्या अंगावरचं सांगितलंय तिनं, आणि हॉल जात असताना सांगितलंय. तू जन्मात एकदा सांगितलंस? बूट काढ आणि पट्टीवरून उतर."

दादानं बूट काढले नाहीत. पण उतरला.

मास्क चढले. ताईला जाळीतून त्यांचे डोळे दिसत नव्हते. तिनं मनगटावर वार केला, मिळाला. ते तिथेच उभे राहिले.

"लागलं?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

चार-तीन. पुढच्या वेळी त्यांनी तिला बराच वेळ फिरवलं. हातात भान नव्हतं, पण डोकं आणि खांदे अजून मास्तरांचेच होते. एकदा तिच्या गळ्याजवळून त्यांचं टोक गेलं. मग तिनं पावलावर टोक ठेवलं.

त्यांनी आधी खाली बघितलं. मग तिच्याकडे. "लागलं?"

"हो."

या वेळी त्यांचा आवाज आधीपेक्षा लहान होता, रस्ता चुकलेला माणूस दुकानदाराला विचारतो तेवढा. आईनं डोळ्यांना पदर लावला. धाकटा म्हणाला, "बास करा आता," पण कोणाला उद्देशून, ते त्याचं त्यालाच माहीत नसावं.

चार-चार.

मास्तरांचं मनगट समोर होतं. उघडं, थकलेलं, पूर्वी कधी नव्हतं इतकं खाली आलेलं. ताईला फक्त हात लांब करायचा होता. ते विचारणार, ती हो म्हणणार, आणि हॉल तिचा. सकाळची बॅच, संध्याकाळची बॅच, पट्टी, पाती, सगळं. वीस वर्षं हवं असलेलं सगळं एका 'हो'वर आलं होतं.

तिनं मनगट सोडलं आणि छातीवर गेली.

मास्तरांनी वार सहज उडवला. त्यांचं टोक तिच्या पोटाशी आलं, तिनं कसंबसं अंग चोरलं. दोन बोटांनी वाचली. बाकावरून वहिनी हळूच म्हणाली, "हे काय करतायत या?" मनगट पुन्हा समोर आलं. ताई पुन्हा छातीवर गेली. पुन्हा उडवला. तिचे खांदे भरून आले होते, मास्कच्या आत घाम डोळ्यांत जात होता, आणि आपण मूर्खपणा करतोय हे तिला पुरतं कळत होतं. तिसऱ्या वेळी तिनं त्यांना वार उडवू दिला, पातं खालून फिरवून आणलं आणि सगळं अंग मागे लावून झोकून दिलं. टोक गळपट्टीच्या खाली, बरोबर हाडावर बसलं.

"लागलं!"

कोणी विचारायच्या आत. हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. पहिल्या बॅचच्या पोरांना ऐकवायचे त्या आवाजात.

दोघांनी मास्क काढले. दादानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, कारण शेवटाला टाळ्या असतात, आणि मग एकट्याच्याच ऐकू येतायत म्हणून थांबवल्या.

"मनगट उघडं होतं माझं," मास्तर दम टाकत म्हणाले. "दोनदा. दिसलं नाही तुला?"

"दिसलं."

"मग?"

ताईनं नुसतं त्यांच्या छातीकडे, टोक बसलं होतं तिथे बघितलं. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर त्यांनी मान फिरवली आणि भिंतीकडे बघितलं.

"मूर्ख मुलगी," ते म्हणाले. "असं शिकवलं होतं का मी?"

मग त्यांनी हातमोजा काढला आणि खेळ संपल्यावर करतात तसा हात पुढे केला. ताईनं तो धरला आणि दाबला, जितका जोर होता तितका लावून. मास्तरांनी खाली बघितलं, तिची बोटं आपल्या हाताभोवती आहेत याची खात्री करून घेतली, आणि मग त्यांनीही दाबला.